निर्धूर चुलीतलं रडणं

चंपतच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं. आत त्याची दुसरी बायको गयाबाई भाकरी करत होती, गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक. तिनं सरकारी निर्धूर चुलीच्या मागच्या तोंडावरचं वरणाचं भांडं उतरवलं, भाकर तिथं शेकायला धरली, आणि चूल रडू लागली. लांब, घोगरं, बाईमाणसाचं रडणं. मी नार्नूरकडचा शाळामास्तर, भुताखेतांना न मानणारा. तरी माझ्याही अंगावर काटा आला.

"द्वारकी हाय," डोमाजी भगत म्हणाला. द्वारकाबाई चंपतची पहिली बायको, बाळंतपणात गेलेली. "सवतीच्या हातची भाकर तिले सोसत न्हाई. सासू रांधते तवा चूल रडते का? मंग? हिच्या तळहातावर सांडशीचा डाग द्या."

"अन् तरी रडली तं?" मी विचारलं.

"तं डाग कमी पडला म्हना."

भगताचं शास्त्र असं कधीच चुकत नाही. सांडशी निखाऱ्यात तापत होती आणि गयाबाई आपला हात पदराखाली घेऊन बसली होती.

मी पुढे झालो. भांडं परत ठेवलं, चूल गप्प. उचललं, रडली.

"डोमाजी, माझी कोणती सवत हाय?"

बाया हसल्या. मग मी छपराच्या कवेलूंवर चढलो. धुराच्या पाइपाला टोपीच नव्हती आणि चैताचा वारा सरळ त्याच्या तोंडावरून जात होता. त्या तोंडावर ओलं पोतं टाकलं, तसं रडणं थांबलं. खाली येऊन रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली, तर बाटलीही तशीच रडली.

"पन सासूच्या वक्ती काऊन न्हाई?" कोणीतरी विचारलं.

सासू सखूबाई खाली मान घालून म्हणाली, "मी भाकर मांगं परसात तीन दगडाच्या चुलीवर करतो. या चुलीत शेकाले जागाच न्हाई."

सगळं पाणी तिथं मुरत होतं. लाकूड वाचावं म्हणून साहेबलोकांनी चुलीचं पुढचं तोंड अरुंद केलं. ज्वारीची भाकर निखाऱ्याला उभी लावून शेकतात, हे एकाही बाईला विचारलं नाही. म्हणून गयाबाई मागचं तोंड उघडायची, आणि ते उघडलं की पाइप वाजायचा.

लोक पांगले. चंपत मात्र चुलीपाशीच बसून होता.

"मास्तर, पाइपाले टोपी नोका लावू," तो हळूच म्हणाला. "तेवढाच तिचा आवाज हाय."

मला फार वाईट वाटलं. पण उघड्या तोंडातून येणाऱ्या धुरानं आणि रडण्यानं गयाबाईचे डोळे लाल झाले होते, आणि सांडशी अजून तापलेलीच होती.

"मेलेली रडत न्हाई, चंपत," मी म्हणालो. "रडून राह्यली ते ही."

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग उठून सांडशी पाण्यात टाकली.

बाबांनो, चूल घडवणाऱ्यानं आधी भाकर कशी शेकतात ते पाहावं. आणि चूल रडलीच, तर तुम्ही आधी पाइप पाहा. बाईचा हात भाजायला घेऊ नका.