तिसऱ्या दालनातला पडदा

समरकंदच्या या पुस्तकांच्या संग्रहालयात बावीस वर्षं मी खुर्ची टाकून बसतेय. काम एकच, कुणी कशाला हात लावू नये. पाय सुजलेत, डोळे मिटतात, आणि लोक एवढ्या जुन्या पोथ्या सोडून मला विचारतात, संडास कुठंय.

परवा उर्गुतहून एक म्हातारा आला, हमरोकुल. एका चित्रापुढे उभा राहिला तो हलेचना. मुलांच्या पुस्तकासाठी काढलेलं चित्र, तंदुरापाशी वाकलेली बाई.

"आपा, ही आमची आई," तो म्हणाला. "भावानं काढलीय. घरात तिचा एक फोटो नाही. भाऊ गेला, मी तरी किती दिवसांचा? म्हटलं, एकदा तिला बघून यावं."

"मग बघा की. हात मात्र लावू नका."

काचेला नाक टेकवून त्यानं बराच वेळ बघितलं. "हे त्याच्या हातचं नाही. मान जमेना म्हणून त्यानं माझ्यासमोर कागदाचं ठिगळ चिकटवून वर परत काढली होती. इथं सगळं सपाट आहे. मला बनवू नका, आपा."

बनवणारी मी कोण? पण म्हातारा खरं बोलत होता. अस्सल चित्र खाली तळघरात होतं आणि भिंतीवर जुन्या फोटोवरून छापलेली नक्कल. तळघराची किल्ली खालचा संग्रह सांभाळणाऱ्या मुहय्योकडे असते, तिला बोलावलं.

"तुम्हाला ना आपा, नसते उद्योग हवेत," असं कुरकुरत तिनं आम्हाला खाली नेलं आणि खण उघडला.

ठिगळ होतं. चेहरा नव्हता. रंग उडून नुसता पिवळट कागद उरला होता.

"वर्षानुवर्षं वर खिडकीसमोर टांगलेलं होतं," मुहय्यो म्हणाली. "कुणी पडदाच ओढला नाही."

कुणी म्हणजे मी. पाय गारठायचे म्हणून ऊन आत घ्यायचे, रोज सकाळी. मला मेलीला काय माहीत ऊन काय काय खातं. तसं मी हमरोकुलला सांगूनही टाकलं, पोटात ठेववेना.

त्यानं ठिगळावरून एकदा बोट फिरवलं. मी अडवलं नाही.

"वर जाऊ या," तो म्हणाला. "तिथं चेहरा तरी आहे."

वर मी त्याला माझी खुर्ची दिली आणि जाऊन पडदा ओढून घेतला. नकलेला उन्हाची कसली भीती, पण हात स्वस्थ राहिले नाहीत.

"आपा, उघडा तो," हमरोकुल म्हणाला. "मला आई दिसत नाही."

मी पडदा उघडला.