चाळिसाव्या मिनिटाचा अंधार

मी एक जुना फिरता दिवा आहे. रंगमंचाच्या वर लोखंडी बार असतो, त्याला मला उलटे टांगतात. मला मान आहे, ती हवी तिकडे वळते. माझ्यात नऊ रंग आहेत. नाटकवाले मला मूव्हिंग हेड म्हणतात. मित्रांनो, मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत, पण आजची हकिगत टाळ्यांची नाही. माझ्यामुळे एका माणसावर आळ आला, आणि तो आळ खरा आहे असे मलाही वाटत होते, त्याची ती हकिगत आहे.

दूरच्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि खोक्यातून पुण्याला आलो. कसबा पेठेत अवधूत यांचे दिवे भाड्याने देण्याचे दुकान आहे, तिथे मला आणले. ती गल्ली इतकी अरुंद की टेम्पो तोंडाशीच थांबतो. तिथून मला खांद्यावर घेऊन दुकानात नेले ते सुखदेवदादांनी. दादा मांजरीहून रोज यायचे. उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरच्या दांड्या हाताने वरखाली करून त्यांनी वीस वर्षे नाटके उजळली होती. मी म्हणजे नव्या जातीचा दिवा; माझी सारी हालचाल एका बारीक केबलमधून येणाऱ्या आकड्यांवर चाले. दादांनी ते आकडेही शिकून घेतले.

प्रयोगाहून परत आलो की दादा स्टुलावर बसत, माझी पाठ उघडत आणि पंख्यापुढची जाळी काढून ब्रशने झटकत. गणपतीच्या मिरवणुकीत मला ट्रकवर उभे करत, तेव्हा जाळीत गुलाल गच्च बसे. मग ते मला पुरता उघडत. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि ते करताना त्यांना कोणी पाहिलेही नव्हते.

मग दुकानात नवा डिजिटल बोर्ड आला आणि तो चालवायला ऋचा आली. वाघोलीच्या कॉलेजातून नुकतीच शिकून बाहेर पडलेली, हुशार मुलगी. अवधूत दादांना म्हणाले, "सुखदेव, बोर्ड आता ऋचा बघेल. तुम्ही पडदा आणि शिडी सांभाळा. दिव्यांना हात लावायची गरज नाही."

दादांनी हातातला ब्रश खुंटीला अडकवला. "चालू द्या," ते म्हणाले. "बंद पडलं की सांगा."

त्या वेळी सगळे हसले. पुढे त्याच वाक्याचा अर्थ लोकांनी वेगळा लावला.

त्या वर्षी पद्मजाताईंची एकांकिका स्पर्धेत उतरली होती. ताई निवृत्त शिक्षिका, आणि दिवे आमच्या दुकानातून घेतलेले. एका टेलिफोन एक्स्चेंजचा शेवटचा दिवस, असे त्यांचे नाटक होते. त्यात ऑपरेटरचे काम तनया करायची. चाळिसाव्या मिनिटाला सगळे दिवे जात आणि फक्त माझे एक पांढरे वर्तुळ तिच्यावर उरे. कानाला हेडफोन लावून ती आपल्या वारलेल्या वडिलांशी दीड मिनिट बोले. साऱ्या नाटकाचा जीव त्या दीड मिनिटात होता.

पहिल्या फेरीत, नेमका त्याच दीड मिनिटात मी विझलो. तनया काळोखात बोलत राहिली. थोड्या वेळाने मी आपोआप जागा झालो, मान गरागरा फिरवली आणि उजेड थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत मारला. लोक हसले. एकांकिका कशीबशी पुढच्या फेरीत गेली.

ऋचाने दुसऱ्या दिवशी मला खाली उतरवले. तिने केबल बदलली. दोन दिव्यांना चुकून एकच नंबर दिला आहे का ते पाहिले. शेवटच्या दिव्यामागे लावायचा प्लग तपासला. मग मला पेटवून दहा मिनिटे नाचवले. मी एकदाही चुकलो नाही. "दिवा ओके आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या प्रयोगात चाळिसाव्या मिनिटाला मी पुन्हा विझलो.

आता कुजबुज सुरू झाली. बिघाड असता तर कधीही झाला असता. नेमका त्याच प्रवेशाला कसा होतो? त्या प्रवेशाच्या वेळी डाव्या विंगेत कोण उभे असते? सुखदेव. माझी केबल कुठून खाली येते? डाव्या विंगेतून. आणि ते काय म्हणाले होते? "बंद पडलं की सांगा."

मित्रांनो, खरे सांगतो, मीही तसाच विचार करू लागलो. मी विझतो तेव्हा मला काहीच कळत नाही. आधी अंग तापते, मग सगळे शांत होते, आणि जागा होतो तेव्हा मान फिरत असते. वरून मला दादांचा हात केबलजवळच्या खांबावर टेकलेला दिसे. ज्या हाताने मला कित्येक वर्षे साफ केले, त्या हाताकडे मी संशयाने पाहू लागलो.

ऋचा बोर्डवरून वारंवार विंगेकडे पाहायची. तिने केबलच्या मधल्या जोडावर चिकटपट्टी लावून पेनाने खूण केली, कोणी तो सोडवला तर कळावे म्हणून. दादा जवळ आले की तनया बोलायची थांबायची. दादांना हे दिसत होते. एरवी चहाला सगळ्यांत बसायचे, ते आता दुकानाबाहेरच्या पायरीवर जाऊन बसू लागले.

तिसऱ्या प्रयोगातही तेच झाले. तेव्हा अवधूत सगळ्यांसमोर म्हणाले, "हा दोष दिव्याचा नाही. माणसाचा आहे."

"माणसाला नाव असतं, अहो," दादा म्हणाले. "घ्या की."

कोणीच नाव घेतले नाही. पद्मजाताई जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "सुखदेवराव, पुढच्या प्रयोगाला आपण नाही आलात तर बरं. पोरांच्या मनावर ताण येतो."

"बरं," एवढेच म्हणून दादांनी चपला घातल्या.

पुढचा प्रयोग वाघोलीच्या एका कॉलेजात होता. रस्त्यावरच्या गर्दीत टेम्पो अडकला, सगळी धावपळ झाली, आणि मला टांगून पेटवले तेव्हा तिसरी घंटा होतच होती. चाळिसावे मिनिट आले. सगळ्यांनी वर माझ्याकडे पाहिले. मी विझलो नाही. तनया बोलली, लोक रडले, पडदा पडला.

"बघा," अवधूत म्हणाले. आणखी काही म्हणण्याची त्यांना गरजच वाटली नाही. आळ आता सिद्ध झाल्यासारखाच होता. सगळे हलके झाले, खरे सांगायचे तर मीसुद्धा.

फक्त ऋचाचे समाधान झाले नव्हते. सामान आवरताना तिने केबलवरची आपली चिकटपट्टी पाहिली. पहिल्या दिवशी लावली होती तशीच ती होती. एका सुरकुतीचाही फरक नव्हता. ती तिथेच खोक्यावर बसली आणि मोबाइलमध्ये वेळा लिहू लागली. आधीच्या तिन्ही प्रयोगांत तिने मला तिसऱ्या घंटेच्या अर्धा तास आधी पेटवले होते. एकदा पेटलो की माझा दिवा आत जळतच राहतो; रंगमंचावर अंधार हवा असेल तेव्हा फक्त माझे झाकण मिटते. म्हणजे अर्धा तास आणि चाळीस मिनिटे. सत्तर मिनिटे मी आत जळत होतो. आज मात्र चाळीसच. आणि दुकानात तपासले होते ते दहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला दुकानात टेबलावर ठेवून पेटवले, घड्याळ पुढ्यात ठेवले आणि डबा उघडून बसली. आजूबाजूला विंग नव्हती, दादा नव्हते. तासाभराने माझे अंग तापले. अडुसष्टाव्या मिनिटाला मी विझलो. काही वेळाने जागा झालो आणि मान गरागरा फिरवली.

तिने माझी पाठ उघडली. आत गुलाल, धूळ आणि रंगमंचावर सोडतात त्या धुराचा तेलकटपणा मिळून लाल चिखल झाला होता. जाळी बुजली होती. पंखा एखाद्या म्हाताऱ्यासारखा अर्धा वळून थांबत होता. आतून भाजून निघालो की मी स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःच विझत होतो, आणि गार झालो की पहिल्यापासून सुरुवात करत होतो. हे करणारा मीच होतो, मित्रांनो.

ऋचाने तो चिखल नखाने खरवडून पाहिला. मग खुंटीवरच्या ब्रशकडे तिचे लक्ष गेले. त्याचे केस लाल होते. "हे कोण करायचं?" तिने अवधूतना विचारले. अवधूतना माहीत नव्हते.

तिने मला रिक्षात घातले, तसाच, उघड्या पाठीने, आणि थेट मांजरीला नेले. उसाच्या पट्ट्यामागे नव्या इमारती उठल्या होत्या, त्यांच्या पलीकडे दादांचे दोन खोल्यांचे घर होते. दारात त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई उभ्या होत्या.

"सुखदेवकाका आहेत का?"

"हायेत की. पन तुमी दुकानाच्याच ना? मग आत या, पर तुमच्या वस्तू मोजून घ्या जाताना."

ऋचा खाली मान घालून आत आली. तिने मला दादांपुढे ठेवले. दादांनी बोट फिरवले, लाल बोट पाहिले आणि पंखा टिचकी मारून फिरवला.

"सत्तर मिनिटं?" त्यांनी विचारले.

"अडुसष्ट. काका, माझं चुकलं. मी केबलवर पट्टीसुद्धा लावली होती."

"पाहिली होती मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठं? बोर्डाला विचारलंत, केबलीला विचारलंत, दिव्याला विचारलंत. मी शेजारीच उभा होतो."

ऋचाला रडू आले. दादांनी तिला थांबवले नाही. तिचे रडणे संपल्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणायला सांगितला, आणि अंगणात बसून तिला एकेक भाग कसा सोडवायचा, कुठे ओले फडके चालते आणि कुठे कोरडाच ब्रश हवा, ते दाखवले. काम झाले तेव्हा चंद्रभागाबाईंनी चहा दिला, दोघांनाही.

अवधूत दोन दिवसांनी स्वतः मांजरीला जाऊन आले. दुकानात परतल्यावर त्यांनी ऋचाला सांगितले ते मी ऐकले. ते म्हणाले होते, "झालं गेलं सोडा, सुखदेव." त्यावर दादा म्हणाले होते, "सोडलं. नोकरीपण सोडली." दादा पुन्हा दुकानात आले नाहीत. मांजरीतल्याच एका सोसायटीत ते आता पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे पाहतात.

पद्मजाताईही मांजरीला जाऊन आल्या होत्या. त्यांनी अंतिम फेरीच्या दोन प्रवेशिका हातात दिल्या आणि म्हणाल्या, "मी मास्तरीण होते, सुखदेवराव. न विचारता शिक्षा करू नये, हे मीच पोरांना शिकवत असे." दादांनी प्रवेशिका ठेवून घेतल्या.

अंतिम फेरीला ऋचाने मला मुद्दाम तासभर आधी पेटवले. वरून मला दिसले, सातव्या रांगेत दादा आणि चंद्रभागाबाई बसले होते. नवऱ्याने इतकी वर्षे जिथे काम केले, ते नाट्यगृह आतून पाहण्याची बाईंची ती पहिलीच वेळ होती. चाळिसावे मिनिट आले. सगळे दिवे गेले आणि मी एकटा उरलो. सारे नाट्यगृह तनयाकडे पाहत होते. दोन चेहरे मात्र वर माझ्याकडे वळले होते. दादांनी बायकोच्या कानाशी काहीतरी सांगितले आणि माझ्याकडे बोट केले. दीड मिनिट मी जराही थरथरलो नाही. एकांकिकेला दुसरे बक्षीस मिळाले.

आता मी म्हातारा झालो आहे. माझ्याहून हलके, गार राहणारे दिवे दुकानात आले आहेत. ऋचा तरीही दर प्रयोगानंतर माझी पाठ उघडते. पण दादांची पायरी रिकामी आहे, आणि ते दुरुस्त करणारा स्क्रूड्रायव्हर तिच्या पेटीत नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढेच मागतो. घरातला पंखा असो, शाळेतला प्रोजेक्टर असो, त्याची धूळ वेळेवर झाडा. आणि काही बिघडलेच, तर आधी वस्तू उघडा, मित्रांनो. माणसाचे नाव नंतर घ्या.