उम्म गोब्रियालच्या चेंडूत काय होतं?

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दुपारी आमच्या नाईलकाठच्या चर्चच्या अंगणात इतकी गर्दी होते, की चिमण्यांनाही भिंतीवर जागा उरत नाही. घरंच्या घरं चटया टाकून बसतात. घमेल्यांत खजुराच्या गाभ्यातले कोवळे, पांढरट झाप भिजत असतात, आणि आजोबांपासून शेंबड्या पोरापर्यंत जो तो क्रूस, मुकुट, अंगठ्या विणत सुटतो. बखूम सुताराचं झापांचं गाढव तर इतकं हुबेहूब व्हायचं, की एका वर्षी गिरणीवाल्याच्या गाढविणीनं ते पाहिलं आणि चाराच सोडला. लोक म्हणाले, ईस्टरचा मोठा उपवास धरलाय तिनं. मला विचाराल तर प्रेमात पडली होती.

पण चर्चच्या दारावर टांगायचा मान उम्म गोब्रियालच्या, म्हणजे गोब्रियालच्या म्हाताऱ्या आईच्या, चेंडूचा. डाळिंबाएवढा चेंडू, वीण कुठे सुरू झाली, कुठे संपली, पत्ता लागायचा नाही. आणि हलवला की आत काहीतरी खुळखुळायचं. काय, ते देवालाच ठाऊक! कुणी म्हणे खजुराची बी. बखूम म्हणे, म्हातारीच्या नवऱ्याची दाढ. आमचे पाद्री अबूना विस्सा असल्या गप्पांना हसायचे, पण आजूबाजूला कुणी नाहीसं बघून तो चेंडू कानाशी हलवताना मी त्यांना स्वतः पाहिलंय.

त्या वर्षी म्हातारीची बोटं आखडली. घरात विणायला उरली एक सून, दमियाना. ती शहरातली, अलेक्झांड्रियाची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूनं तिला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती.

"ए अलेक्झांड्रियावाली," म्हातारी भर अंगणात म्हणाली, "संध्याकाळच्या घंटेआधी चेंडू झाला तर झाला. नाहीतर दारावर त्या बखूमचं गाढव टांगा आणि मला घरी न्या."

"आई, कसा विणायचा ते सांगा तरी."

"मला कुणी सांगितलं होतं? सासूनं हातावर फटके दिले, तेवढंच माझं शिक्षण."

"वहिनी, घाई नाही हं," बखूम पलीकडून ओरडला. "माझं गाढव तयार उभंय. आत्ताच शेपूट हलवलंन."

दमियानानं एक चेंडू विणला, त्याचं वांगं झालं. दुसरा विणला, तो हातातच सुटला. बायका तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. तशी ती उठली, घरी गेली, आणि मूर्तिचित्रामागे ठेवलेला गेल्या वर्षीचा वाळका चेंडू आणून तिनं सरळ घमेल्यात बुडवला.

"अगं, आशीर्वादाचा झाप तो!" कुणीतरी किंचाळलं.

"वाळका सोडवला तर मोडेल. भिजला की ऐकेल," दमियाना म्हणाली. "उलटा सोडवत गेले, की सुलटा कसा विणायचा ते कळेल."

सगळे म्हातारीकडे बघायला लागले. ती घमेल्याकडे बघत होती.

झाप मऊ झाला. दमियाना एकेक पाती सोडवू लागली, ओठांतल्या ओठांत वीण घोकत. वरचं कवच उतरलं. आत लिंबाएवढा चेंडू निघाला, काळपट, जुना.

"उघड," म्हातारी चटईसकट पुढे सरकली.

"आई, यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही?"

"सासूनं दिला तसा ठेवलाय. दरसाली वरचं कवच तेवढं नवं करते. आतलं उघडायची हिंमत झाली नाही. तू उघड गं!"

आता अख्खं अंगण त्या घमेल्यावर वाकलं होतं. अबूना सगळ्यांत पुढे. लिंबात अक्रोडाएवढा चेंडू, अक्रोडात वाटाण्याएवढा. दमियानानं वाटाणा सोडवला. शेवटची पाती बोटांतून गळून पडली.

आत काहीच नव्हतं.

"म्हणजे वाजत काय होतं?" बखूमनं विचारलं.

"चेंडूत चेंडू," दमियाना म्हणाली. "वाळून आकसले, की एकमेकांवर आपटतात." बोलता बोलता तिची बोटं ताज्या पातीवर चालूही झाली होती. वाटाणा मिटत आला, तेवढ्यात म्हातारीनं आपल्या काळ्या शालीचा पदर त्यावर पसरला, आखडलेल्या बोटांनी पदराखाली आत काहीतरी सरकवलं आणि म्हणाली,

"ओढ आता, दमियाना."

दमियानाचा हात क्षणभर थांबला. मग तिनं पाती ओढली.

घंटा झाली तेव्हा चेंडू दारावर होता. अबूनांनी तो हलवून पाहिला. ढिम्म.

"वाजत नाही!" बखूम खूश झाला.

"ओला आहे," सासू-सून एकदमच म्हणाल्या. "वाळला की वाजेल."

उन्हाळ्यात तो असा वाजायला लागला, की नाईलमधले मासे काठाशी येऊन ऐकत. म्हातारी गेली. आता दमियाना दरसाली वरचं कवच विणते. आत काय आहे, मी दरसाली विचारतो. ती माझ्या हातावर फटका मारते.