पिठावरचा पंजा

कांद्यातलं गवत काढताना आमच्यात एक रीत आहे. ओळीच्या टोकाची बाई गाणं धरते आणि ते तोंडातोंडातून पार दुसऱ्या टोकापर्यंत जातं. त्यामुळं हात कुणाचाच मागं राहत नाही. गाणी जुळवायची लोहारीण. कुणाचं दुखणं, कुणाचं भांडण, जे कानावर येईल ते. अट एकच. ओळीतलं गाणं बांध ओलांडून गावात न्यायचं नाही.

ती अट अधूनमधून आमच्यात खुरपायला येणाऱ्या शिंपिणीनं मोडली. मशीनवर बसली की तिचे पाय आणि तोंड बरोबरच सुरू होतात. खिडकीबाहेर नळ, नळाला कुंभारणीची घागर लागलेली, आणि आत ही बया खुशाल गातेय:

*पिठाच्या पेटीला कुलूप घातलं,*
*किल्लीचं डोरलं सासूनं ल्यालं,*
*पाण्याच्या घोटावर पोट मी बांधलं,*
*भुकेचं लेकरू कुशीत निजलं.*

कुलूपवाली पेटी गावात एकाच घरी. कुंभारीण घागर तिथंच टाकून तरातरा शेतात आली. ऊन असं की ढेकळं तव्यासारखी तापलेली, खुरपं आत जाईना. तिला पाहून ओळीतल्या तिच्या सुनेचा हात थांबला. दुपारी आम्ही आपापल्या फडक्यातले दोन-दोन घास सुनेपुढं सारायचो, त्यावर ती पोर उभी होती. कामावरून उठवली असती तर तेही गेलं असतं.

"कोण गं ती गाणी रचणारी सटवी?" कुंभारीण बांधावरून ओरडली.

"मी," लोहारीण म्हणाली. "बसा मावशी, पाणी प्या."

"पाणी पाजतेस? माझी अब्रू नळावर धुतलीस की! आणि तू गं," सुनेकडं बोट गेलं, "घरातलं बाहेर सांगतेस?"

"तिनं काही नाही सांगितलं," मी म्हटलं. "तिचं पोट सांगतं. पार बांधापर्यंत ऐकू येतं."

बायका हसल्या. कुंभारीण हसली नाही. मटकन बांधावर बसली, गळ्यातली किल्ली मुठीत धरून.

"माझी सासू कुलूप लावत नव्हती," ती म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. "पीठ थापून सारखं करायची आणि वर हाताचा पंजा उमटवून ठेवायची. चिमूटभर जरी घेतलं तरी पंजा मोडायचा. पोटुशी होते मी तेव्हा. माझ्यावर नाही कुणी गाणं केलं."

लोहारणीनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तिनं बाजूला सारला.

"हे घाल गाण्यात," ती लोहारणीला म्हणाली.

"घालते की. पण पुढं काय जुळवू? ती सासू गेली, मग सुनेनं कुलूप आणलं, असं?"

कुंभारीण लालबुंद झाली. उठली, सुनेचं मनगट धरलं आणि ओढतच घेऊन गेली. तिची ओळ अर्धी राहिली. दोन्ही बाजूंच्या आम्ही ती वाटून घेतली, पण गाणं काही कुणी धरलं नाही. शिंपिणीला मात्र संध्याकाळी सगळ्यांनी मिळून असं धुतलं की मशीनसुद्धा गप्प झालं.

दोन दिवस पोर आली नाही. नवऱ्याला विचारावं तर तो आईच्या ताटात जेवणारा, त्याला कसली खबर.

तिसऱ्या दिवशी आली. दुपारी तिनं फडकं सोडलं, तर त्यात पोटभर जेवण.

"किल्ली दिली?" आम्ही एकदमच विचारलं.

"छे. गळ्यातच आहे. पण सकाळी स्वतः पेटी उघडून पीठ काढून देतात." तिनं घास मोडला. "आणि रोज विचारतात, माझं कडवं झालं का म्हणून. झाल्यावर त्यांना ऐकायचंय."

लोहारणीनं खुरप्याची माती झटकली. ही बाई उभ्या उभ्या दोन गाणी जुळवते, सगळ्यांना ठाऊक.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "फार अवघड आहे. अजून जमत नाही म्हणावं."