दहा नंबर

धाकट्या जावेला रग्बीच्या मैदानावर थोरलीनेच नेलं होतं. संघाला पंधरा जणी लागत आणि त्या मोसमात एक कमी पडत होती. "तू पोहायला शिकवतेस, दम आहे तुझ्यात. कडेला उभी राहा, हातात बॉल आला की पळ," थोरली म्हणाली होती. धाकटी कडेला उभी राहिली, बॉल आला आणि ती अशी सुटली की समोरच्या बायका हात पुढे करून नुसत्या मागे धावत राहिल्या.

थोरलीची स्वतःची लाँड्री होती. क्लबमध्ये ती कित्येक वर्षं दहा नंबर होती. बॉल कुणाकडे द्यायचा, कधी लाथाडायचा, हे दहा नंबरने ठरवायचं, आणि गोलाच्या किकाही तिच्याच. क्लब अगदी तळातल्या डिव्हिजनचा. अशा हौशी क्लबांसाठी दरवर्षी एक विभागीय कप असे. एकदा हरलं की घरी. थोरलीचा क्लब बहुधा पहिल्याच सामन्यात घरी यायचा आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटायचंही नाही.

यंदा मात्र क्लब पहिली फेरी जिंकला, मग दुसरी, मग तिसरी. सगळीकडे धाकटीचं नाव. थोरलीला सासूबाई आजवर म्हणत आल्या होत्या, "काय गं ते चिखलात लोळणं, या वयात!" त्याच सासूबाई आता घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन मैदानावर यायला लागल्या. धाकटीने ट्राय केला, म्हणजे बॉल गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला, की उठून टाळ्या वाजवायच्या. थोरली किक मारायची तेव्हा त्या थर्मासचं झाकण लावत असायच्या.

"ताई, तुम्ही पास दिलात म्हणून जमलं हं," धाकटी प्रत्येक वेळी म्हणायची. मनापासून म्हणायची, आणि तेच थोरलीला जास्त झोंबायचं. पोरगी जरा शिष्ट असती तर तिच्यावर राग तरी धरता आला असता.

उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला धाकटीने एका आडदांड बाईला गोलरेषेवर आडवं केलं. सामना वाचला. तिचं डोकं त्या बाईच्या गुडघ्यावर आदळलं होतं, पण ती हसत उठली, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

दोन दिवसांनी ती लाँड्रीत आली आणि मागच्या मोरीत जाऊन ओकली. थोरलीने पाठीवरून हात फिरवला.

"काय खाल्लंस?"

"काही नाही. परवापासून गरगरतंय. तलावावर दिवे बघवत नाहीत." धाकटीने तोंड पुसलं. "ताई, कुणाला सांगू नका ना. डोक्याला लागलंय कळलं तर मला फायनलला बाहेर बसवतील."

"अगं, पण डॉक्टर?"

"फायनल झाली की लगेच. शपथ."

थोरली गप्प बसली. रात्रभर तिला बरं नाही वाटलं, पण गप्प बसली. मैदानावर चक्कर येऊन पडली तर? मग पडू दे, सासूबाईंच्या समोरच पडू दे, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि स्वतःचीच भीती वाटून तिने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर कोचने तिला बाजूला घेतलं. कोच पेशाने पोस्टमन, बोलायला सरळ.

"फायनलला दहा नंबर धाकटी खेळेल. तू राखीव. वाईट वाटून घेऊ नकोस. कप घरी आणायचाय आपल्याला."

थोरलीची कानशिलं तापली. आणि एका दमात ती सगळं बोलून गेली: गरगरणं, ओकणं, दिवे.

कोचचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी धाकटीला डॉक्टरकडे नेलं. मेंदूला मार बसला होता. आणखी एक धक्का बसला असता तर जीवावर बेतलं असतं, डॉक्टर म्हणाले.

मग थोरलीचं कौतुक सुरू झालं. दीर हात धरून रडला. सासूबाई म्हणाल्या, "सख्खी बहीण काय करेल असं केलंस गं!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला तोंडभर नावाजलं आणि तिला ते घशाखाली उतरेना.

फायनल थोरलीच खेळली, आणि चांगली खेळली. अखेरीस गुण बरोबरीत असताना कोपऱ्यातून अवघड किक मिळाली. तिने श्वास सोडला, मारली. बॉल दोन खांबांमधून गेला. पोरींनी तिला खांद्यावर उचललं. वरून तिने पहिलं काय पाहिलं, तर सासूबाई. त्या काळा चष्मा लावून बसलेल्या धाकटीच्या डोक्यावर छत्री धरत होत्या आणि त्यांची मैदानाकडे पाठ होती.

दुसऱ्या दिवशी थोरली चिखलाच्या जर्सी मशीनमध्ये टाकत असताना धाकटी आली. आठवडाभर तिने जावेशी शब्द काढला नव्हता.

"ताई, एक विचारू? तुम्ही माझ्या भल्यासाठी सांगितलंत?"

'हो' म्हणणं सोपं होतं. सगळं घर तेच म्हणत होतं.

"नाही," थोरली म्हणाली. "कोचने मला राखीव केलं म्हणून सांगितलं. त्याआधी गप्पच होते."

धाकटीने जर्सींची बादली पायाने जवळ ओढली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "खूप राग आलाय मला तुमचा. आणि घरात सगळे म्हणतात, ताईंचे उपकार मान. कुणाला सांगू मी?"

"मला सांग."

"तुम्हालाच सांगतेय." तिने बादलीतली एक जर्सी उचलली, बाह्या सरळ केल्या आणि थोरलीकडे दिली. "पुढच्या मोसमात दहा नंबर मी मागणार आहे."

"माग की," थोरली म्हणाली. तिने जर्सी मशीनमध्ये टाकली. "मीही सोडणार नाही."