मी 'नको' बोलतोय

मी 'नको' नावाचं बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, पडद्यावरचं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझी मालकीण कपडे शिवते आणि तिच्या दुकानात बटण म्हटलं की माणसं डबा उघडतात.

मालकिणीला सगळे ताई म्हणतात. ताईंना रोज दोनेकशे ईमेल यायचे. टकलावर केस उगवणारं तेल, न मागितलेलं कर्ज, चंद्रावरचे प्लॉट. त्या कचऱ्यात एका शाळेची गणवेशांची ऑर्डर बुडाली. ते कळलं तेव्हा ताई भाचीला म्हणाल्या, "यावर काहीतरी कर गं."

भाची संगणकाची कामं करते. तिनं मला बनवलं. ताईंनी केलेल्या यादीत नाव नसलेल्यानं त्यांना लिहायचं तर आधी एका चहाच्या किमतीएवढी अनामत ठेवायची. पत्र कामाचं निघालं तर ती परत. नकोसं निघालं तर ताई मला दाबणार आणि चहा ताईंचा.

पहिल्या आठवड्यात माझं अंग दुखलं. मग तेलवाले, कर्जवाले एकेक करून पसार झाले. फुकट होतं तोवर सगळ्यांना ताईंच्या टकलाची काळजी. ताईंचे केस कमरेपर्यंत आहेत.

उरला ताईंचा धाकटा भाऊ. रोज सकाळी एक सुविचार, गुलाबाच्या चित्रासकट.

"आत्या, बाबांचं नाव यादीत घालू?" भाचीनं विचारलं.

"राहू दे."

आठवड्याभरात त्याचा फोन आला. "ताई, सख्ख्या भावाकडून पैसे घेतेस?"

"सुविचाराचे घेते. तू काही लिहिलंस तर परत करीन."

मग नऊ दिवस काहीच नाही. ताई उगाच पडदा उघडून बघायच्या. दहाव्या दिवशी पत्र आलं, गुलाबाशिवाय.

'ताई, पैसे पडतात म्हणून विचार करून लिहितोय. दोन महिन्यांपूर्वी मला कामावरून काढलं. घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन बागेत बसतो. सुविचार तिथूनच पाठवत होतो.'

ताईंनी अनामत परत केली आणि फोन उचलला. "उद्या डबा घेऊन इकडे ये. काजं करायला माणूस हवाय. आणि आज घरी सांग."

आता तो समोरच्या स्टुलावर बसतो. काजं बरी करतो. सुविचार तोंडी सांगतो, दिवसाला पाच-सहा. ताई सुई थांबवून माझ्याकडे बघतात. पण समोरच्या माणसावर माझं काही चालत नाही. तिथे 'नको' आपलं आपणच म्हणायचं असतं, आणि ताईंनी ते अजून म्हटलेलं नाही.