महमुदाच्या भिंतीवरच्या रोट्या

चंद्रशेखर माणूस भला, पण खाण्याच्या बाबतीत एक नंबरचा लबाड. पुण्यात घरी चातुर्मासात कांद्याला शिवायचा नाही, आणि परगावी पाय ठेवला की मटण कुठे चांगलं मिळतं ते तासाभरात हुडकून काढायचा. १९८७ च्या मे महिन्यात कंपनीने त्याला बहारीनला धाडलं. मीना सलमान बंदरात एका तेलाच्या जहाजावर पंप बसवायचे आणि त्याच जहाजातून कुवेतपर्यंत जाऊन ते नीट चालतात की नाही ते बघायचं, बस्स एवढंच काम.

एवढंच म्हणायला काय जातंय? आखातात तेव्हा इराण-इराकची लढाई पेटलेली आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर मारा चाललेला. चंद्रशेखर पंप बसवत होता त्याच्या शेजारच्या धक्क्यावरच एक जहाज ओढून आणून ठेवलं होतं. त्याच्या कुशीला खोलीएवढं भोक होतं आणि कडेचा पत्रा जळून आत वळलेला. ते पाहिलं त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पण बायकोला, हेमाला, फोनवर म्हणाला, "ऑफिसातलं काम आहे, एसीत बसायचं. दहा दिवसांत घरी." उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असा त्याचा हिशेब.

तो उतरला होता उम्म अल हस्सम वस्तीत शिरीषकडे. शिरीष कॉलेजातला मित्र, तिथे बँकेत अकाउंटंट. त्यानेच पत्ता दिला, "नईम मोहल्ल्यात जा, महमुदाकडे. उझबेक बाई आहे. लग्नाआधी मी तिच्याच जिवावर जगलो."

महमुदाचं हॉटेल म्हणजे चार टेबलं आणि मागे तंदूर. गाजर, मनुका आणि मटण घातलेला पिवळसर पुलाव, वाडग्यातून कोरा हिरवा चहा, आणि मधोमध नक्षी टोचलेली गोल जाड रोटी. चंद्रशेखर आठ दिवस दोन्ही वेळा तिथेच जेवला. म्हातारी मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला बेटा म्हणायची आणि त्याच्या ताटाकडे बघून खूश व्हायची. खूश होणारच, कारण ताटात शीत उरायचं नाही. पानात टाकलं तर आई पाठीत धपाटा घालायची, ती सवय चाळिशीतही सुटली नव्हती. समोरच्या भिंतीवर खिळ्यांना पाच-सहा वाळक्या रोट्या टांगलेल्या होत्या, एकेक घास तोडलेल्या. सगळ्यात वरची तर काळी पडलेली. शोभेला लावल्या असतील, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

नवव्या दिवशी दुपारी तो शेवटचं जेवला आणि चार वाजता जहाज सुटणार असल्याचं तिला सांगितलं. महमुदा आत गेली, एक ताजी रोटी फडक्यावर ठेवून दोन्ही हातांत धरून घेऊन आली आणि म्हणाली, "थोडा खाओ, बेटा."

आता आपल्याकडे थोडंसं खा म्हटलं की तो आग्रहच असतो, हे काय सांगायला हवं? शिवाय दुसऱ्याच्या घरी आपलं उष्टं ठेवून उठायचं म्हणजे भलताच गावंढळपणा. पोट तुडुंब भरलं होतं, तरी पठ्ठ्याने चहात बुडवून बुडवून अख्खी रोटी संपवली. हात झटकून वर बघतो तर महमुदाचा चेहरा उतरलेला. ती रिकाम्या फडक्याकडे बघत होती. पण तो घाईत होता, तसाच निघाला.

शिरीष त्याला बंदरावर सोडायला गाडी घेऊन आला होता. वाटेत चंद्रशेखरने हसत हसत ही गंमत सांगितली. शिरीषने गाडी कडेला घेतली.

"अख्खी खाल्लीस?"

"मग काय टाकून उठू?"

"अरे बाबा, एक घास खाऊन बाकीची ठेवायची असते. ती टांगून ठेवते. प्रवासाला गेलेल्या माणसाने परत येऊन ती संपवायची. ती राहिली की माणूस परत येतोच म्हणे. मी सुट्टीवर जायचो तेव्हा माझी पण टांगायची. आल्यावर सूपमध्ये भिजवून खायला लावायची."

"थोतांड आहे," चंद्रशेखर म्हणाला. पण धक्क्यावरचं ते भोक काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. थोडं अंतर गेल्यावर तोच म्हणाला, "शिरीष, मागे घे."

हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. तंदूर विझला होता, रोट्या संपल्या होत्या. महमुदाने मोकळी टोपली त्याला दाखवली. मग खुर्चीवर चढून सगळ्यात वरची काळी रोटी काढली, ओढणीने पुसली आणि त्याच्यापुढे धरली.

"ये किसका है?" त्याने विचारलं.

"मेरा बेटा. जहाज पे था. तीन साल हो गया."

"वो आएगा ना?"

"नहीं. कागज आया था. खलास." तिचे डोळे कोरडेच होते. "उसने मुझे बोला था, दुकान का माल लाने जाता हूँ. मैं इधर आराम से सोती थी."

"फिर क्यों टांगा है?"

"अब देखती हूँ राह. पहले नहीं देखी."

 दुसऱ्याचं उष्टं चंद्रशेखरने जन्मात खाल्लं नव्हतं, आणि हे तर गेलेल्या माणसाचं. पण ती रोटी पुढे धरून तशीच उभी राहिली. त्याने रोटी घेतली, त्या जुन्या घासाशेजारी दात रोवले. दगडासारखी कडक होती, जेमतेम कपचा निघाला. महमुदाने ती परत त्याच खिळ्याला अडकवली आणि खाली उतरून टेबल पुसायला लागली.

गाडी बंदराच्या फाटकाशी आली. तो कपचा दाढेत अडकला होता, जिभेने निघत नव्हता. बॅग उतरवून घेतल्यावर त्याने शिरीषचा दंड धरला.

"हेमाला फोन कर. आजच. कुठे चाललोय ते खरं सांग, जहाजाचं सगळं सांग."

"आणि ती रडायला लागली तर?"

"रडू दे," चंद्रशेखर म्हणाला. "तिकडे निवांत झोपत असेल ती. सध्या माझी वाट कुणीच बघत नाहीये रे."

मग फाटकावरच्या शिपायाला पास दाखवून तो आत गेला.